वायदे बाजारातली माणसं मोठी कशामुळे झाली?

सांगलीहून एका एम.कॉम.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. वडिलांची हळदीची अडत आहे, वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारा करार, हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला, आणि आता तिला फ्युचर्स-ऑप्शन्सच्या क्षेत्रातच करिअर करायचं आहे. ती विचारते: या धंद्यात ज्यांचं नाव झालं ती माणसं वर कशी आली? ट्रेडिंग करूनच का? त्यातल्या कोणाचा अभ्यास करू?

मी १९९७ साली फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात लागलो. तेव्हा बदला, म्हणजे शेअरांचा सौदा न मिटवता व्याज भरून पुढे ढकलायची पद्धत, चालू होता, आणि दर आठवड्याच्या वळणाला, म्हणजे हिशेब मिटवायच्या दिवशी, रात्री उशिरापर्यंत बसून बदल्याची बिलं काढायचो. पुढे वायदे आले तसा रिस्क विभागात गेलो आणि आजवर तिथंच आहे. त्या खुर्चीतून जे दिसलं त्यावरून उत्तर देतो.

ट्रेडिंग करून श्रीमंत झालेले पुष्कळ आहेत. पण बाजारावर ज्यांचा ठसा राहिला, त्यांनी दोनच कामं केली. कोणी नवा करार घडवला, कोणी हरलेल्याने पैसे दिले नाहीत तरी जिंकलेल्याला ते मिळतील अशी सोय केली. बाकी सगळी कीर्ती याच्या मागून आली. म्हणून या माणसांचं करिअर वाचताना त्यांनी किती कमावलं ते बाजूला ठेवा. कुठला करार कुठल्या अडचणीतून निघाला आणि त्याचा हिशेब शेवटी कसा मिटला, ते बघा.

पहिलं नाव लिओ मेलामेड. १९३२ साली पोलंडमधल्या बियालिस्टॉकला ज्यू शिक्षक दांपत्याच्या पोटी जन्म. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा कुटुंब लिथुआनियात पळालं. तिथे चिउने सुगिहारा या जपानी वकिलातीतल्या अधिकाऱ्याने वरिष्ठांचा विरोध असतानाही हजारो ज्यूंना व्हिसे लिहून दिले. त्यातला एक या कुटुंबाला मिळाला. सैबेरियातून रेल्वेने व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपान, आणि १९४१ च्या वसंतात अमेरिकेचा किनारा. शिकागोला पोचलेला हा मुलगा पुढे वकिलीचं शिक्षण घेऊ लागला. शिकता शिकता कायद्याच्या फर्ममध्ये कारकुनी मिळावी म्हणून त्याने एका जाहिरातीला अर्ज केला. चार-पाच आडनावांची फर्म होती, त्यामुळे वकिलांचीच असणार असं त्याने धरलं. ती निघाली मेरिल लिंच, म्हणजे ब्रोकर. १९५३ मध्ये शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या रिंगमध्ये तो ऑर्डरी पोचवणारा रनर म्हणून उभा राहिला. काही काळाने वडिलांकडून ३,००० डॉलर उसने घेऊन त्याने सदस्यत्वही विकत घेतलं.

हे एक्स्चेंज १८९८ साली लोणी आणि अंड्यांचा बाजार म्हणून सुरू झालं होतं. मेलामेड तिथे उमेदवारी करत होते त्याच वर्षांत तिथे कांद्याचं प्रकरण घडलं. ते मी मुद्दाम सांगतो, कारण लासलगावच्या राज्यात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

१९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगेल या दोघांनी शिकागोच्या गोदामांतला जवळपास सगळा कांदा हाताखाली घेतला. उत्पादकांना त्यांनी दम दिला की आमच्याकडून माल घ्या, नाहीतर आम्ही सगळा बाजारात ओततो. मग स्वतः वायद्यात शॉर्ट झाले, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने आधीच विकून बसले, आणि तरीही माल ओतला. ऑगस्ट १९५५ मध्ये ५० पौंडांच्या, म्हणजे साधारण २३ किलोच्या गोणीला २.७५ डॉलर भाव होता. मार्च १९५६ मध्ये तो १० सेंटांवर आला. आतल्या कांद्यापेक्षा रिकामं पोतं महाग झालं. शेतकरी देशोधडीला लागले. मिशिगनचे तेव्हाचे खासदार जेराल्ड फोर्ड, म्हणजे नंतरचे राष्ट्राध्यक्ष, यांनी विधेयक आणलं आणि १९५८ साली कांद्याच्या वायद्यावर कायद्याने बंदी आली. ती आजही आहे.

एक्स्चेंजचा मोठा धंदा असा बुडाला. अंड्यांचा वायदाही मावळत चालला होता. १९६१ मध्ये डुकराच्या मांसाचा, पोर्क बेलीचा वायदा आला म्हणून एक्स्चेंज तगलं. मेलामेड १९६९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या हातात असलेली संस्था ही अशी होती: नाव खराब, एकाच मालावर उभी. नाशवंत मालाचा साठा कोणीतरी दाबून बाजार वाकवू शकतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. साठवून दाबता येणार नाही असा माल कोणता?

१५ ऑगस्ट १९७१ ला निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याचा दुवा तोडला. चलनांचे भाव आता हलणार हे दिसू लागलं. मेलामेड थेट अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्याकडे गेले आणि चलनाच्या वायद्यांची गरज आहे का यावर मोबदला देऊन त्यांच्याकडून टिपण लिहून घेतलं. ही चाल मला फार महत्त्वाची वाटते. मांसाचे वायदे करणारे लोक चलनात काय करणार, असं न्यूयॉर्कच्या बँका म्हणत होत्या. त्यांचं तोंड आपल्या शब्दाने बंद होणार नाही हे या माणसाला कळत होतं, म्हणून त्याने ज्याचा शब्द चालतो त्याचा आधार घेतला. १६ मे १९७२ रोजी पौंड, कॅनेडियन डॉलर, मार्क, येन, स्विस फ्रँक, पेसो आणि लिरा अशा सात चलनांचे वायदे सुरू झाले. (आपल्याकडे डॉलर-रुपयाचा वायदा यायला २९ ऑगस्ट २००८ उजाडला.)

डिसेंबर १९८१ मध्ये युरोडॉलरचा, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँकांतल्या डॉलर ठेवींच्या व्याजदराचा वायदा आला. त्यात माल द्यायचाच नव्हता, शेवटच्या दिवशी फरकाची रक्कम रोखीत मिटवायची. ही सोय नसती तर निर्देशांकाचा वायदा व्यवहारात आलाच नसता, कारण निर्देशांक पोत्यात भरून देणार कसा? चार महिन्यांनी, एप्रिल १९८२ मध्ये, तिथे एस अँड पी ५०० चा वायदा सुरू झाला. आपल्या निफ्टीची एक्स्पायरी आज रोखीत मिटते ती त्याच वाटेने.

आता १९ ऑक्टोबर १९८७. अमेरिकी बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त पडला. सगळे लोक त्या दिवसाचे आकडे सांगतात. मी त्या रात्रीबद्दल सांगतो, कारण माझ्या कामाचं मूळ तिथं आहे. वायद्यात रोज संध्याकाळी हरलेल्याकडून घेऊन जिंकलेल्याला द्यायचं असतं. एरवी हा आकडा मर्कमध्ये, म्हणजे शिकागो मर्कंटाइलमध्ये, काही कोटी डॉलरच्या घरात असायचा. त्या रात्री तो अडीच अब्ज डॉलरच्या पुढे होता. हरलेल्या बड्या कंपन्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत क्लिअरिंग हाऊसच्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा हिशेब मिटवणाऱ्या संस्थेच्या, बँकेत जमा झाले नसते, तर मर्क उघडू शकलं नसतं, आणि ते उघडलं नाही ही बातमीच सगळीकडे आग लावायला पुरेशी होती. मेलामेड रात्रभर फोनवर होते. पहाटे शेवटची मोठी रक्कम अडलेली असताना बँकेने शब्दावर पैसे सोडले आणि बाजार वेळेवर उघडला. एक पैसाही बुडाला नाही. त्यांच्या उभ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश मला विचाराल तर हेच. कारण चलनाच्या वायद्याची कल्पना कोणाला ना कोणाला सुचलीच असती. पण त्या पहाटे क्लिअरिंग तुटलं असतं, तर वायदे बाजार या कल्पनेवरचाच विश्वास उडाला असता.

त्यांची आणखी एक गोष्ट तरुणांना आवर्जून सांगतो. १९७७ मध्ये त्यांनी कायद्याच्या एका नियतकालिकात लेख लिहून मांडलं होतं की रिंगमधल्या ओरडून होणाऱ्या व्यवहारांची जागा यंत्र घेऊ शकणार नाही. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांनीच सदस्यांसमोर ग्लोबेक्स या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा प्रस्ताव ठेवून तो मंजूर करून घेतला. जून १९९२ मध्ये ती चालू झाली. रिंगमध्ये पोट भरणारे त्यांचेच मित्र नाराज झाले. आपण छापून ठेवलेलं मत चुकलं असं दिसल्यावर ते बदलणं आणि त्यासाठी आपल्याच माणसांशी भांडणं सोपं नसतं. मुंबईत रिंग बंद झाल्यानंतरचे तरावणीवाल्यांचे, म्हणजे रिंगमधल्या जॉबरांचे, चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून त्याची किंमत कळते.

दुसरे रिचर्ड सँडर. तुमच्यासारख्या अभ्यासू मुलीला मेलामेडपेक्षा यांची वाट जवळची वाटेल. ते बर्कलेला प्राध्यापक होते. १९७२ मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले आणि व्याजदराचा वायदा कसा करता येईल यामागे लागले. गहू-मका विकणाऱ्या बाजारात व्याजदर! ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांचा जिनी मे, म्हणजे सरकारी हमी असलेल्या गृहकर्ज रोख्यांचा वायदा आला. जगातला तो पहिला व्याजदर वायदा. ऑगस्ट १९७७ मध्ये अमेरिकी ट्रेझरी बाँडचा आला आणि तो पुढे प्रचंड वाढला.

गंमत बघा, जो पहिला आला त्या जिनी मेच्या करारातली डिलिव्हरीची अट नीट बसली नव्हती. वेगवेगळ्या व्याजाचे रोखे देता येत, त्यामुळे विकणारा त्यातला त्याला सगळ्यात स्वस्त पडणारा देई, आणि ज्याला आपल्या गृहकर्जांचं संरक्षण हवं होतं त्याचा हिशेब जुळेना. १९८० च्या दशकातच तो करार संपला. तुमच्या वडिलांना हे एका वाक्यात पटेल: हळदीच्या वायद्यात कुठल्या प्रतीचा माल, किती ओलावा, कुठल्या गोदामात, हे चुकलं की वायद्याचा भाव एकीकडे आणि सांगलीच्या सौद्याचा भाव दुसरीकडे. करार लिहिणं म्हणजे या बारीक अटी लिहिणं. सँडर यांनी पुढे २००३ मध्ये शिकागो क्लायमेट एक्स्चेंज काढून कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार उभा केला. तोही २०१० मध्ये थांबला, कारण अमेरिकेत सक्तीचा कायदा आलाच नाही. दोन करार संपले तरी व्याजदराच्या वायद्याचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात, आणि ते योग्य आहे.

ऑप्शन्सच्या बाजूला शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजचे पहिले अध्यक्ष जोसेफ सुलिव्हन. हा माणूस मूळचा पत्रकार. २६ एप्रिल १९७३ ला फक्त १६ शेअरांच्या कॉल ऑप्शनवर, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कावर, बाजार सुरू झाला, पहिल्या दिवशी ९११ करार झाले. पुट, म्हणजे विकण्याचा हक्क, यायला १९७७ साल लागलं. ऑप्शन ही काही त्यांची कल्पना नव्हे. आपल्याकडे तेजी-मंदीचे सौदे कधीपासून होत आले आहेत, आणि १९५२ च्या कायद्याने मालावरच्या ऑप्शन्सना बंदी घातली तीही ते होत होते म्हणूनच. सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाव आणि मुदत ठरावीक केली आणि मधे क्लिअरिंग आणलं. त्यामुळे घेतलेला ऑप्शन तिसऱ्यालाच विकून मोकळं होता येऊ लागलं. त्याच वर्षी ब्लॅक आणि शोल्स यांचं सूत्र छापून आलं. सूत्र आणि बाजार एकाच वर्षी यावेत हा या क्षेत्राचा मोठा योग.

अटलांटाचे जेफ्री स्प्रेचर यांचं फक्त नाव घेऊन ठेवतो. वीजप्रकल्पांतला इंजिनियर, १९९७ मध्ये विजेच्या व्यवहारांची एक डबघाईला आलेली कंपनी घेतली, २००० मध्ये त्यातून इंटरकाँटिनेंटल एक्स्चेंज उभं केलं आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज विकत घेतलं. बाजारांची खरेदी-विक्री करून मोठं होणं ही वेगळी वाट आहे. ती तुमच्या प्रश्नात फारशी बसत नाही.

आता आपल्याकडे. आज करारांच्या संख्येने एनएसई, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, हा जगातला सगळ्यात मोठा डेरिव्हेटिव्ह बाजार आहे. पण ज्यांनी पाया घातला त्यांची नावं आजच्या ट्रेडर मुलांना विचारा, बहुतेकांना सांगता येत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. आर. एच. पाटील आयडीबीआयमधून आले, एनएसईचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. ३ नोव्हेंबर १९९४ ला शेअरांचा स्क्रीनवरचा व्यवहार सुरू झाला. स्क्रीन सगळ्यांना दिसली, पण माझ्या लेखी त्याहून मोठं काम १९९६ मधलं. तेव्हा त्यांनी क्लिअरिंग कॉर्पोरेशन चालू केलं आणि प्रत्येक सौद्याच्या मध्ये ते हमीदार म्हणून उभं राहिलं. समोरचा ब्रोकर बुडाला तर आपले पैसे गेले, ही मुंबईतल्या दलालांची पिढ्यान् पिढ्यांची भीती तिथे संपली. हे नसतं तर वायदे आणताच आले नसते. त्याच वर्षी एनएसडीएल, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात ठेवणारी संस्था, आली. ती उभी केली महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी चंद्रशेखर भावे यांनी. पुढे ते २००८ ते २०११ सेबीचे अध्यक्ष होते, आणि वर म्हटलेला डॉलर-रुपयाचा वायदा त्यांच्याच काळात आला.

वायद्यांचा नियम कसा असावा हे ठरवायला सेबीने नोव्हेंबर १९९६ मध्ये डॉ. एल. सी. गुप्ता यांची समिती नेमली. अहवाल १९९८ ला आला. जोखीम कशी मोजायची हे आयआयएम अहमदाबादचे प्रा. जयंत वर्मा यांच्या समितीने लिहिलं. निर्देशांकाची चंचलता, म्हणजे तो किती वर-खाली हलतो ते, मोजताना कालच्या चंचलतेला ०.९४ आणि आजच्या हालचालीला ०.०६ वजन द्यायचं, असं त्यांनी सुचवलं. रिस्कच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यात तो ०.९४ कोरला गेला आहे. रोज सकाळी येणाऱ्या मार्जिनच्या, म्हणजे सौद्यापोटी आगाऊ घ्यायच्या अनामतीच्या, फाइलमध्ये तोच असायचा. एका प्राध्यापकाने लिहिलेला दशांश देशातल्या प्रत्येक डीलिंग रूममधून कोणाकडून किती पैसे मागायचे ते ठरवत होता. प्रभाव म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी हा आकडा सांगतो. डिसेंबर १९९९ मध्ये कायदा बदलला, जून २००० मध्ये ९ तारखेला बीएसईवर आणि १२ तारखेला एनएसईवर निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. २ जुलै २००१ पासून बदला बंद झाला आणि त्याच महिन्यात शेअरांवरचे ऑप्शन्स आले.

या सगळ्याची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. १७ मे २००४, सोमवार. निवडणुकीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. सकाळी उघडल्यापासून बाजार कोसळत होता, दोनदा व्यवहार थांबवावे लागले, सेन्सेक्स दिवसाच्या तळाला ८४२ अंकांनी खाली होता आणि ५६५ अंक गमावून बंद झाला. आमच्या खोलीत सहा फोन होते, सहाही वाजत होते. माझ्यासमोर एका जुन्या क्लायंटची पोझिशन लाल झाली होती. मार्जिन कमी पडत होतं. शुक्रवारीच नियमाप्रमाणे ती कापायला हवी होती, पण माणूस जुना, शब्दाचा पक्का, म्हणून मी सोमवारपर्यंत थांबलो होतो. ती चूक माझी. सोमवारी कापायला गेलो तर व्यवहारच थांबलेले. तुटीचे पैसे शेवटी आमच्या फर्मने स्वतःच्या खिशातून भरले. पण क्लिअरिंगचा पे-इन, म्हणजे आम्ही भरायची रक्कम, दुसऱ्या दिवशी वेळेवर गेला, आणि पलीकडे जो कोणी जिंकला होता त्याला आमच्या त्या क्लायंटचं नावही कधी कळलं नाही. पाटील आणि वर्मा यांनी काय बांधून ठेवलंय, ते मला त्या दिवशी समजलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ट्रेडिंग करून वर येता येतं का? सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हातात पदवी आणि घरची अडत असताना त्या रांगेत उभं राहायची तुम्हाला गरज नाही. क्लिअरिंग, रिस्क, सर्व्हेलन्स आणि नवे करार घडवणारा प्रॉडक्ट विभाग या चार जागांना माणसं लागतात, आणि माल ओळखणारी माणसं तिथे फारच कमी येतात. सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची सिरीज आठ, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा, द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला त्यांचा कॅम्पस आहे, तिथले लांब मुदतीचे अभ्यासक्रमही बघा.

पण परीक्षेच्या आधी एक काम करा. हळदीच्या वायद्याचं करारपत्रक एक्स्चेंजच्या साइटवर मिळतं. ते छापून वडिलांसमोर ठेवा आणि एकेक अट वाचून दाखवा: प्रत, ओलावा, डिलिव्हरी केंद्र, लॉट. ते जिथे थांबून मान हलवतील आणि म्हणतील की असा माल मार्केट यार्डात येत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणांचं पान मला पाठवा, मग पुढचं बोलू.